घरातलीच तर हळद आहे!

विक्रांतने आयुष्यात काय काय विकलं नव्हतं! आधी टाइल्स, मग इन्व्हर्टर, मग जमिनीचे प्लॉट. सगळे धंदे बसल्यावर त्याला एकाएकी लोकांच्या तब्येतीचा कळवळा आला. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतलं एक बंद वर्कशॉप भाड्यानं घेऊन तो लठ्ठपणावरच्या कॅप्सूल भरू लागला. हळदीचा अर्क, काळ्या मिऱ्यांचा अर्क आणि वरून चिमूटभर दालचिनी.

ही अक्कल त्याने वहिनीकडून उचलली होती. मधुवंती फार्मसी कॉलेजात शिकवायची. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे लठ्ठ उंदरांची चरबी थोडी घटते, असा तिचा एक शोधनिबंध छापून आला होता. विक्रांतने त्याचं फक्त शीर्षक वाचलं आणि डबीवर छापलं, ‘विज्ञानाने सिद्ध!’

“अरे, उंदीर होते ते,” मधुवंती म्हणाली. “माणसांच्या लठ्ठपणावर काही सिद्ध झालेलं नाही. आणि मिऱ्याचा अर्क सोबत दिला की हळदीचा अर्क अंगात फार जास्त भिनतो. काही जणांच्या लिव्हरला तो झेपत नाही.”

“वहिनी, तुम्ही पण ना! घरातलीच तर हळद आहे. नॅचरल चीज है, नुकसान काय करणार?”

“धोत्राही नॅचरलच असतो.”

विक्रांत खो खो हसला. विनोद कळला की नाही, देव जाणे.

जाहिरातीला एक जाड बाई हवी होती, ती घरातच सापडली. बायको. सुदामा नगरातल्या घराच्या गच्चीवर शलाकाला सैल कुर्त्यात उभं करून, पोट पुढे काढायला लावून त्याने ‘आधी’चा फोटो घेतला. मग रोज दुप्पट कॅप्सूल. शलाकाची स्वतःच्या जाडीबद्दल काहीच तक्रार नव्हती. नवऱ्याचा एक तरी धंदा चालावा म्हणून ती गिळत राहिली.

काही आठवड्यांत तिची अन्नावरची वासनाच उडाली.

“बघ, भूक कमी झाली ना? असर होतोय!” विक्रांत म्हणाला. अंगाला खाज सुटली, तेव्हा म्हणाला, “टॉक्सिन निघतायत.”

रविवारी मधुवंती सहज घरी आली. शलाकाला उजेडात नेऊन तिने पापणी खाली ओढून पाहिली. डोळे पिवळेजर्द. ती तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

“काही औषध सुरू आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुछ नहीं, डॉक्टर साहब. बस, घर का खाना,” मागून आलेला विक्रांत म्हणाला.

घरून निघताना उचललेली कॅप्सूलची डबी मधुवंतीने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली. “हे आत्ताच्या आत्ता बंद. कुणी दिलं?”

विक्रांत पंख्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सलाईन लावलेल्या बायकोला भेटायला तो मोबाईल घेऊन आला. “शलू, जरा उठून बस ना. वजन बघ केवढं उतरलंय! ‘नंतर’चा फोटो काढून टाकू. डोळ्यांचा पिवळेपणा ॲपमध्ये ठीक होतो.”

शलाका उशीला टेकून बसली. मग म्हणाली, “काढ. पण जसा आहे तसा आधी मला पाठव.”

त्याने आनंदानं पाठवला. जाहिरातीसाठी त्याने तिलाही ज्यात घेतलं होतं, त्या डीलरांच्या ग्रुपवर तिने तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मी विक्रांतची बायको. या कॅप्सूल खाऊन माझं लिव्हर सुजलंय. वजन मात्र खरंच उतरलं.’

दुपारपर्यंत डीलर माल परत पाठवू लागले. देवासच्या एकाने तेवढं विक्रांतला विचारलं, ‘भिया, पर वजन कितने दिन में उतरा?’

मधुवंतीने औषध खात्याकडे तक्रार केली आणि वर्कशॉपला सील लागलं. विक्रांत मात्र नातेवाइकांना सांगत फिरला, “कॅप्सूल एकदम बढिया होती. हिचीच प्रकृती नाजूक.”

शलाकाचं लिव्हर हळूहळू सावरलं. दवाखान्यातून ती थेट महूला, माहेरी गेली. विक्रांत न्यायला आला, तेव्हा तिने दार उघडलं.

“ये, चहा घे,” ती म्हणाली. “मी येत नाहीये.”