लाल ठिपक्याची काडतुसं

थोरल्या रायफलीनं लॉर्नाची भुवई फोडली आणि तेवढ्यात समोरच्या उतारावर कोयोटनं, त्या माळावरच्या कोल्ह्यानं, कोकराच्या गळ्यात दात रोवले. दोघांचं रक्त एकदमच वाहायला लागलं. तिचं तिच्याच डोळ्यात उतरत होतं, म्हणून कोकराचं तिला लालच्या आडून लाल दिसलं.

रायफलीच्या धक्क्यानं दुर्बिणीची गोल कड मागे येऊन हाडावर आदळली होती. खांद्यातली पट्टी तर आतून कुणीतरी पहारीनं उचकटावी तशी कळ देत होती. दोन वर्षांपूर्वी घोड्यानं पाडलं तेव्हा गळ्याखालचं हासळीचं हाड तीन जागी मोडलं होतं. तिथे आता सहा स्क्रूंवर एक धातूची पट्टी बसली होती, आणि रायफलीचा दस्ता नेमका तिच्यावरच टेकायचा.

तिनं बाहीनं डोळा पुसला, बोल्ट मागेपुढे केला, पुन्हा नेम धरला. पण खांद्याला आता ठाऊक झालं होतं काय येणार ते. चाप दाबायच्या आधीच तिचे डोळे मिटले. गोळी कुठेतरी मातीत गेली. कोयोटनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पळायची गरज नाही हे ओळखलं, आणि परत तोंड खाली घातलं. कोकरू अजून पाय झाडत होतं.

मागे ओसरीवर टोपलीतली टिल्डा दचकून रडायला लागली. तिची चार महिन्यांची पोर. लॉर्ना उठली ती तशीच, तोंडावर रक्त, आणि आधी तिला उचलायला धावली. कोकराकडे गेली तेव्हा नुसती कातडी आणि बरगड्या उरल्या होत्या.

त्या उन्हाळ्यातलं ते अकरावं कोकरू.

संध्याकाळी सासरा आर्विड गावाहून परतला. तिच्या भुवईवरची जखम पाहून त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सुंदर आलाय चंद्र. माझ्याही भुवईवर आहे, बघ. बापानं ही रायफल पहिल्यांदा हातात दिली तेव्हाचा."

"पॉप, मला ती नको. मला दुसरी घ्यायचीय. हलकी."

"या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीला काय धाड भरली? तीन पिढ्या हरणं खाल्ली हिच्यावर."

"तीन पिढ्यांत खांद्यात लोखंड कुणाच्या होतं? तुमचा लेक केल पंधरा दिवस उत्तरेला तेलविहिरींवर, तुम्ही सारखे गावात. दिवसभर इथं बंदूक धरणारी मी एकटी. चाप दाबायच्या आधी डोळे मिटतात माझे. अशा बंदुकीचा मला काय उपयोग?"

"सवय होईल."

"सवय व्हायच्या आधी मेंढ्या संपतील."

आर्विडनं टिल्डाच्या तळपायाला बोट लावलं. तिनं ते अंगठ्यानं धरायचा प्रयत्न केला. म्हातारा हसला, पण सुनेला हो म्हणाला नाही.

डेल्फीनचं बंदुकांचं दुकान गावात, धान्याच्या कोठाराशेजारी. डेल्फीन साठीची, आवाज खरखरीत, गल्ल्याशेजारी कायम सूर्यफुलाच्या बिया. लॉर्नानं टिल्डाला कडेवर सावरलं आणि सरळ सांगितलं, "एकच परवडेल. कोयोटही मारायचेत, नोव्हेंबरात हरीणही. आणि लाथ मारणारी नको."

"नवरे निवडताना असा विचार केला असता तर आपण कुठे असतो," डेल्फीन म्हणाली आणि मागून दोन-तीन रायफली काढल्या. "ही सगळ्यात हलकी, पोरासोरांची. कोयोटला छान. पण हरणाला म्हणशील तर मी विकणार नाही. ही साडेसहा मिलिमीटरची, हरणाला उत्तम, पण तुझ्या त्या पट्टीला जाणवेल. आणि ही टू-फॉर्टी-थ्री. हिचा धक्का म्हणजे कुणी खांद्यावर हात ठेवून 'काय गं' म्हणावं एवढाच."

"हिनं हरीण पडतं?"

"गोळीवर आहे." डेल्फीननं दोन काडतुसं तिच्या तळहातावर ठेवली. बाहेरून सारखीच. "ही शंभर ग्रेन वजनाची, जड. हाड फोडून आत जाते, काळजापर्यंत. ही अठ्ठावन्नची. वाऱ्यासारखी सुटते आणि लागल्याबरोबर फुटते. कोयोटच्या आत गेली की आतलं सगळं पाणी. पण हरणाच्या खांद्याच्या हाडावर मारलीस ना, तर वरच्यावर फुटून नुसता खड्डा पाडेल, आणि जनावर तीन पायांवर पळेल. दोन्हींची सरमिसळ करू नकोस, पोरी. ज्यांनी केली ते मला येऊन सांगतात की बंदूक लहान होती."

त्याच रात्री लॉर्नानं नेलपॉलिशची बाटली काढली आणि शंभर ग्रेनच्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर लाल ठिपका दिला. कोयोटच्या काडतुसांना काही नाही.

आर्विडनं रायफल हातात घेऊन तोलली. "ही खरी का चॉकलेटची?"

"मारून बघा."

"मी? माझी थट्टा होईल गावात." त्यानं रायफल परत दिली. चेहरा मात्र गंभीर होता. "हे बघ, लॉर्ना. आपल्या घरचा रिवाज तुला ठाऊक आहे. ज्याचं रक्त काढलं ते जनावर आपलं. सापडेपर्यंत मागे जायचं. नाहीच सापडलं तरी शिकारीचा परवाना फाडायचा, त्या वर्षी दुसऱ्यावर नेम नाही. लहान बंदुकीनं हरणं जखमी होतात, कुठेतरी घळीत तीन-तीन दिवस मरत पडतात. माझ्या जमिनीवर ते चालायचं नाही. एक जरी हरीण जखमी होऊन पळालं, की हे खेळणं डेल्फीनकडे परत."

"आणि नाही पळालं तर?"

"तर मी तोंड बंद ठेवीन."

"मरेपर्यंत?"

"नाताळापर्यंत."

तिनं हात पुढे केला, त्यानं तो घट्ट दाबला. लॉर्ना हसली खरी, पण पुढचा वसंत तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मेंढ्या वितील, ओली कोकरं उठायला धडपडतील, आणि रायफल परत गेलेली असली तर ती नुसती ओरडत उभी असेल.

सप्टेंबरपासून तिनं रोज दहा गोळ्या मारल्या. डोळे मिटायचे थांबले. ऑक्टोबर संपेपर्यंत सहा कोयोट पडले होते. पहिला पडला तो धावता धावता, जणू कुणी दोरा कापला. जवळ जाऊन पाहिलं तर बाहेर नखाएवढं भोक, आणि उचलला तर आत काही धरून ठेवणारं उरलंच नव्हतं. पोट पिशवीसारखं हेलकावलं. तिनं तोंड फिरवलं. मग अकरा कोकरं आठवली आणि तिनं त्याला शेपटीला धरून ओढत नेलं.

नवी रायफल ओसरीच्या खुंटीला टांगलेली असायची, नळी रिकामी, खालच्या कोठ्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये, चार काडतुसं. हरणांचा मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी लॉर्नानं कोठा रिकामा केला आणि लाल ठिपक्याची चार एकेक करून आत दाबली. अंगठ्याला चार वेळा टिचकी जाणवली. मग निश्चिंत झोपली.

सकाळी आर्विड तिच्या आधी उठून बाहेर जाऊन आला होता. बुटांवर दंव, नाक लाल. "मेंढ्या बघून आलो," म्हणाला. कॉफी पिता पिता त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं, पण त्याचं लक्ष दुसरीकडे असणं काही नवं नव्हतं.

तिनं नारिंगी जाकीट चढवलं, टिल्डाला दोन्ही बाजूंनी पाजलं, खुंटीवरची रायफल घेतली. आर्विडनं पिकअप गवताच्या माळाकडे नेला. टिल्डा मधल्या सीटवर पट्ट्यात बांधलेली, हातात लाकडी चमचा. माळाच्या कडेला तो थांबला. लॉर्ना उतरून कुंपणाच्या खांबापाशी आडवी झाली, बोल्ट पुढे ढकलला. काडतूस नळीत बसल्याचा आवाज आला. तिनं पाहिलं नाही. कोठा तिनं स्वतः भरला होता.

पाऊण तासानं हरणाचा नर आला. जाड मान, पाच-पाच फाट्यांची शिंगं. दीडशे पावलांवर तो किंचित तिच्याकडे वळून उभा राहिला. तिनं खांद्याच्या कडेला नेम धरला, श्वास सोडला, चाप दाबला. डोळे उघडेच होते, त्यामुळे तिनं सगळं पाहिलं. खांद्यावरून केसांचा आणि रक्ताचा फवारा उडाला. नर गुडघ्यांवर कोसळला. आणि उठला. पुढचा एक पाय वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबत होता, आणि तरी तो तीन पायांवर टेकडीपलीकडे गेला. दुसरी गोळी मारायलाही सापडला नाही.

पिकअपची काच खाली आली. आर्विडनं टेकडीकडे बोट केलं. मग एवढंच म्हणाला, "पळालं."

"दिसलं मला."

"लहान बंदूक."

"नेम बरोबर होता, पॉप."

"म्हणून तर म्हणतो. करार म्हणजे करार. जा आता. पोरीला मी बघतो."

ती चालत निघाली. रक्त सुरुवातीला ताटभर होतं, मग वाटीएवढं, मग गवताच्या पात्यावर एकेक थेंब. एका दगडावर हाडाचा कपचा चिकटला होता, पांढरा, दातासारखा. घळी उतरायच्या, चढायच्या. कुठे तो पडलेला असायचा, तिथलं गवत दाबलेलं आणि लाल, आणि ती पोचायच्या आत उठून गेलेला. प्रत्येक अशा जागी ती वाकून रक्त किती ताजं आहे ते बघायची. म्हाताऱ्याचं खरं होतं. आपल्या खांद्याच्या सुखासाठी तिनं हे जनावर असं फोडून ठेवलं होतं.

दोन तास झाले. छाती दगडासारखी भरली, दूध जाकिटाच्या आत झिरपायला लागलं. टिल्डा आता रडत असेल. ती मागे वळली नाही.

शेवटच्या घळीत आधी आवाज ऐकू आला, मग दिसलं. नर कपारीला पाठ लावून बसला होता आणि दोन कोयोट त्याला जिवंतच खात होते. एक समोरून हूल देई, दुसरा मागून मांडीत दात घालून ओढी. नर ओरडत होता. हरीण ओरडतं हे लॉर्नाला तोवर माहीत नव्हतं. माणसाच्या पोरासारखं ओरडतं.

तिनं उभ्याउभ्याच नेम धरला. मागचा कोयोट तोंडात मांस असतानाच चेंडूसारखा कोसळला. दुसरा निसटला. ती घसरत खाली गेली, पाच पावलांवर थांबून रायफल उचलली, आणि तेवढ्यात नर उठला.

तीन पायांवर, मांडी फाटलेली, आणि तरी त्यानं पूर्ण वजनानिशी तिच्यावर मुसंडी मारली. शिंगाचं टोक तिच्या मांडीत घुसलं. रायफल हातातून उडून दगडांवर पडली, ती पाठीवर, आणि तो वर. पट्टीवर त्याचं डोकं दाबलं गेलं तशी ती किंचाळली. एका हातानं तिनं शिंग धरलं, दुसऱ्यानं कमरेचा सुरा काढला आणि जबड्याखाली खुपसला. एकदा. सुरा अडकला, तिनं ओढून काढला, पुन्हा. गरम रक्त तिच्या गळ्यावर, छातीवर, दुधावर आलं. त्याचा डोळा तिच्या डोळ्याजवळ होता, मोठा, ओला, त्यात आभाळ. "झालं, झालं," ती त्याला म्हणत होती, टिल्डाला झोपवताना म्हणायची त्याच आवाजात. "झालं, राजा, संपलं." तिसऱ्यांदा सुरा सापडायचा तिथे सापडला. तो जड झाला.

त्याच्याखालून निघायला तिला बराच वेळ लागला. मांडीला रुमाल आवळून बांधला. मग खांद्यावरची जखम पाहिली: बशीएवढा खड्डा, उथळ, तळाशी फुटकं हाड आणि तांब्याच्या बारीक चकत्या. आत काहीच गेलेलं नव्हतं. कोयोटच्या जखमा तिनं सहा वेळा पाहिल्या होत्या. ती लंगडत रायफलीकडे गेली, बोल्ट दोनदा ओढला. दोन काडतुसं तळहातावर पडली. तिनं ती उलटी केली. बुडं कोरी होती.

आर्विड घळीच्या तोंडापर्यंत पिकअप घेऊन आला तेव्हा टिल्डाचं रडणं इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू येत होतं. लॉर्नाला पाहून तो धावत खाली आला. त्याला धावताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"कुठलं रक्त? तुझं किती?"

"मांडीचं माझं. बाकी त्याचं. आधी तिला द्या."

तिनं बर्फासारख्या गवतात बसून रक्तानं माखलेले हात जाकिटाला पुसले आणि पोरीला पाजायला घेतलं. टिल्डा अधाशासारखी चिकटली. दुसऱ्या हातानं लॉर्नानं ती दोन काडतुसं त्याच्यापुढे धरली.

"मी काल चार लाल भरली होती, पॉप."

म्हाताऱ्यानं पाहिलं. त्याचा हात हळूच स्वतःच्या कोटाच्या खिशात गेला आणि मूठ बाहेर आली. उघडली. लाल ठिपक्याची चार काडतुसं.

"पहाटे कोठारामागे कोयोट होता," तो म्हणाला. "ही काढली, ती भरली. गोळी झाडायच्या आत तो पळाला. परत बदलायची होती. मग तू कॉफी ओतलीस."

"तुमची रायफल होती ना. थोरली."

तो हरणाकडे बघत राहिला. "तिचा धक्का आता मला सोसत नाही, पोरी. दोन वर्षं झाली. दर वेळी डोळे मिटतात. केलला ठाऊक नाही. तू झोपलेली असलीस की मी तुझीच नेतो. सप्टेंबरपासून."

"खेळणं."

"हो. खेळणं."

तिला संताप आला. एवढा की दूध आटेल असं वाटलं. हे जनावर दोन तास तीन पायांवर पळालं ते या म्हाताऱ्याच्या लाजेपायी. पण बोल्ट ढकलताना मान खाली घालून कोठ्यात बघायला तिला कितीसा वेळ लागला असता? "मी बघायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगायला हवं होतं."

"हो."

मांडीला नऊ टाके पडले. कोयोटनी फाडलेला भाग आर्विडनं कापून टाकला, उरलेला नर सोलला. फुटका खांदा फेकायला लॉर्नानं बाजूला काढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लंगडत स्वयंपाकघरात आली तर म्हातारा तोच खांदा टेबलावर घेऊन बसलेला, चष्म्यावर चष्मा चढवून. चिमट्यानं मांसातली तांब्याची एकेक चकती उपसून बशीत टाकत होता. टिण्. टिण्.

"राहू द्या, पॉप. फेकून देऊ."

"याचं काही फेकायचं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "पोरगी आता मांस खायला लागेल. तिच्या दाताखाली हे येता कामा नये."

"अजून तिला दात कुठायत?"

"येतील." टिण्. "डेल्फीनला फोन केला होता मी. परत करायची नाही म्हटलं. आणि दुसरी आहे का तसलीच, विचारलं."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. अजून हसत असेल."

लॉर्नानं नेलपॉलिशची बाटली खिडकीतून काढली, त्याच्यासमोर ठेवली आणि दोन्ही जातींच्या नव्या काडतुसांच्या डब्या पुढे सरकवल्या. आर्विडनं चिमटा खाली ठेवला. जाड बोटांत तो बारीक ब्रश धरून त्यानं जवळच्या डबीतल्या पहिल्या काडतुसाच्या बुडाकडे नेला.

"त्यांना नाही, पॉप," ती म्हणाली. "ती कोयोटची."

तो थांबला, ब्रश हवेत. मग बाटलीकडे, काडतुसाकडे, तिच्याकडे बघितलं.

"पुन्हा एकदा सांग," म्हणाला. "सावकाश. सगळं पहिल्यापासून."