शब्बाथाची कोळंबी

शनिवारी संध्याकाळी डॉलिनाचे हात चालत होते, मन मात्र थाऱ्यावर नव्हते. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि तिचा नवरा टॉर्क्विल जिवंत कोळंबी खोक्यांत भरत बसले होते. लांब नांग्यांची ही कोळंबी एकत्र ठेवली तर एकमेकींना फाडते, म्हणून खोक्यात प्रत्येकीला वेगळी नळी. शेपटी खाली, नांग्या वर. नळीत जाता जाता एखादी बोटाला चिमटा काढून जायचीच.

एरवी हे काम सोमवारी सकाळी व्हायचे. लुईस बेटावर जुनी घराणी रविवार हा शब्बाथ, देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस मानतात आणि कामाला हात लावत नाहीत. डॉलिना तर बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात टाकायची, सूप शिजवून ठेवायची, बूट पुसायची. रविवारी दोरीवर ओला टॉवेलसुद्धा वाळत पडायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा हा नेम. रविवारी कोळंबीही समुद्रातल्या पिंजऱ्यांत निवांत असायची. सोमवारी ट्रक यायचा आणि बुधवारी स्पेनच्या बाजारात ती नांग्या हलवत उतरायची.

मग देश युरोपच्या संघातून बाहेर पडला. वाटेत नवी तपासणी आली, पशुवैद्याचे शिक्के आले, ट्रकांच्या रांगा लागल्या. जानेवारीतली पहिलीच खेप तिकडे मेलेली उतरली, आणि मेलेल्या कोळंबीला तिकडे कुत्रे विचारत नाही. व्यापारी अलास्टरने फोनवर सांगून टाकले, की यापुढे ट्रक रविवारच्या बोटीने निघेल. माल तयार ठेवणार असाल तर ठेवा, नाहीतर मी दुसऱ्या किनाऱ्यावरून घेतो. त्यांच्या बाजूला दुसरा व्यापारी उरला नव्हता.

बरेच दिवस डोके खाजवून टॉर्क्विलने तोड काढली. शनिवारीच माल भरायचा, ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि शेडला कुलूप लावायचे नाही.

"ट्रकवाला येईल, उचलून नेईल. आपण तेव्हा चर्चमध्ये. आपण काय केलं? काही नाही."

"आणि ट्रकवाला?"

"तो ग्लासगोचा. त्याला रविवार म्हणजे फुटबॉल."

डॉलिनाला हसू आले नाही. पाप दुसऱ्याच्या ओंजळीत घालायचे आणि आपले हात कोरडे म्हणून दाखवायचे, हे कसले सोवळे? पण घराचे पोट त्या नळ्यांत होते. ती भरत राहिली.

रविवारी चर्चमध्ये तिचे डोळे मिटलेले आणि कान रस्त्याला लागलेले. ट्रकचा आवाज काही आला नाही. घरी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले, तर शेडच्या दारातून गोणपाट जसेच्या तसे दिसत होते. पाण्याबाहेर येऊन त्या जिवांना किती वेळ झाला, हे तिला न मोजताही कळत होते.

जेवायला बसले आणि फोन वाजला. रविवारी त्या घरात फोन उचलत नसत. टॉर्क्विल सूपमध्ये ब्रेड बुडवत राहिला. फोन थांबला, पुन्हा वाजला. डॉलिना खिडकीकडे वळली.

"वाजू दे," टॉर्क्विल म्हणाला. पण त्याचा चमचाही हवेतच थांबला होता.

थोड्या वेळाने मागच्या दारात शेजारीण जोसलिन उभी राहिली. ती लीड्सहून निवृत्त होऊन इथे आलेली, बकऱ्या पाळणारी, चर्चची पायरी कधी न चढलेली. अलास्टरने कंटाळून तिला फोन लावला होता. तपासणीच्या ठिकाणी ट्रक अडकून पडलेत, मंगळवारपर्यंत इकडे काही येत नाही. माल पाण्यात सोडून ठेवा, नाहीतर उद्यापर्यंत एक जगायची नाही, असा निरोप होता.

"तुमचा देव फोन उचलू देत नाही, म्हणून मला पोस्टमन केलंय," ती म्हणाली. "बसा तुम्ही. खोकी मी सोडते पाण्यात. नरकात माझी जागा कधीचीच राखून ठेवलीय."

टॉर्क्विलच्या जिवात जीव आला. "फार उपकार होतील, जोसलिन."

डॉलिनाने चमचा खाली ठेवला. काल ट्रकवाला, आज ही. पुढच्या रविवारी कोण?

"नको गं जोसलिन. मी भरलीत, मीच जाते."

"डॉलिना, आज वार कोणता?" टॉर्क्विलने विचारले.

"जीव वाचवायला वार आड येत नाही. तुझेच वडील सांगायचे ना?"

"जीव कसला? माल आहे तो," टॉर्क्विल म्हणाला.

ती चर्चचा कोट आणि टोपी घालूनच निघाली. वाटेतल्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. शेडमध्ये गोणपाट उचलले तशी बारीक टकटक ऐकू आली. काही नांग्या नळीबाहेर लोंबत होत्या. एकेक खोके तिने धक्क्याच्या कडेला ओढत आणले, पहिल्याला दोर बांधला, आणि तिथेच तिचा हात अडला.

झाकणासकट पाण्यात सोडायचे, म्हणजे मंगळवारचा माल राखायचा. दयेचे नाव घेऊन रविवारी धंदाच करायचा. मग तिच्यात आणि टॉर्क्विलच्या तोडग्यात फरक तो काय? तिने दोर सोडला, झाकण उघडले.

"देवा, यातलं माझ्यासाठी काही राखत नाही," ती पुटपुटली आणि खोके समुद्रात उपडे केले. काही शेपटी मारत पाठमोऱ्या खोल गेल्या. काही तशाच, न हलता बुडाल्या. तिने दुसरे उघडले.

टॉर्क्विल आला तेव्हा एकच खोके उरले होते. रिकामी खोकी पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"सोडून दिल्यास?"

"हो."

"मंगळवारी ट्रकमध्ये काय घालू? अलास्टर पुन्हा दारात उभा करील का आपल्याला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरोखरच तिला माहीत नव्हते.

टॉर्क्विलने शेवटच्या खोक्याच्या झाकणावर हात ठेवला. किती तरी वेळ तो ते उघडेना, की उचलेना. मग तो चांगल्या पँटनिशी ओल्या दगडावर गुडघे टेकून बसला आणि झाकण काढले. खोके त्याने उपडे केले नाही. भरताना घातली होती, तशी एकेक नळीतून काढून पाण्यात सोडू लागला. एकीने त्याचे बोट कडकडून धरले.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

वर घरात फोन पुन्हा वाजत होता. डॉलिना त्याच्या शेजारी बसली आणि पुढच्या नळीत हात घातला.