बिरूची हाळी

बिरू धनगर हा विवाहित, कळपाचा धनी आणि तेवीस वर्षे वयाचा गृहस्थ होता. तथापि त्याच्या ओठावर लव नव्हती, खांदे अरुंद होते आणि आवाज लहान मुलीसारखा बारीक होता. पौडच्या बाजारात अनोळखी दुकानदार त्याला ‘ए पोरा’ म्हणून बोलावीत, आणि तोही निमूटपणे ‘ओ’ देत असे.

परंतु ह्याच बारीक आवाजाचा त्याला एका ठिकाणी अभिमान होता. वडील अकाली वारले आणि कळप त्याच्या हाती आला, तेव्हापासून त्याने मेंढरांना आपल्या हाळीची सवय लावली होती. डोंगराच्या सोंडेवर उभा राहून तो ‘हीऽऽ यो’ अशी हाळी देई. ती दरी ओलांडून पलीकडे जाई आणि तोंडातला पाला टाकून मेंढरे माघारी वळत. माणसे त्याला हसत, मेंढरे कधी हसली नाहीत.

त्याच्या पत्नीचे नाव सुंदरा. तिचे वडील बहिरू हे त्याच मुलुखातले, मोठ्या कळपाचे व कडक जिभेचे धनगर होते. लग्नाला दोन वर्षे लोटली तरी ज्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत त्या बाबतीत हा संसार सुरूच झालेला नव्हता. सुंदराने कोणापाशी तक्रार केली नाही. पण बायकांच्या कुजबुजीतून बहिरूंना जे कळायचे ते कळले. त्या साली, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न साली, दिवाळीनंतर कळप कोकणात उतरण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी जावयाला बाजूला घेतले.

“जावईबापू, कोकणातनं वर येईस्तवर थांबतो,” ते म्हणाले. “तवर कायतरी विलाज करा. न्हाईतर माजी पोर मी माघारी नेनार. मग रागावू नगा.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हेच दुःख बिरूला अधिक होते.

त्याच आठवड्यात त्याच्या टाचेत बोराटीचा काटा मोडला व पाय सुजला, म्हणून तो सुंदरासह पौडच्या दवाखान्यात गेला. तेथील डॉक्टरांनी काटा काढला आणि बरोबर घरचे मोठे माणूस कोण आले आहे असे विचारले. बिरू म्हणाला, “मीच मोटा. भायेर बसलीय ती माजी बायकू हाय.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दार लोटून घेतले, त्याला नीट तपासले आणि लहानपणीच्या आजारांची चौकशी केली. आवाज फुटण्याच्या वयात गालगुंड झाले होते, ताप चढला होता, आणि सूज गालावरून खाली उतरून फार यातना झाल्या होत्या, असे बिरूने सांगितले. तेव्हा डॉक्टरांनी त्याला समजावले, की पुरुषाच्या शरीरात एक रस तयार होत असतो, त्याला हार्मोन म्हणतात. दाढीमिशी, जाड आवाज, अंगातील बळ आणि मनातील ओढ ही सर्व त्याच्यामुळे येतात. त्या दुखण्यात बिरूच्या शरीरातील हा झरा आटला होता.

बिरूला हे समजावयास वेळ लागला नाही. कोवळ्या वयात खच्ची केलेला मेंढा त्याने जन्मभर पाहिला होता. त्याची शिंगे भरत नाहीत, मान जाड होत नाही, तो टक्कर घेत नाही. आपल्यावर कोणाचा शाप नाही, करणी नाही, आपण नालायकही नाही, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले आणि कित्येक वर्षांनी त्याने मोकळा श्वास घेतला.

“म्हंजी माज्यात जे आटलंय ते सुईनं भरायचं?” त्याने विचारले.

डॉक्टर म्हणाले, “होय. तेलातलं औषध आहे, पुण्याहून मागवावं लागेल. दर तिसऱ्या आठवड्याला टोचायचं, आणि जन्मभर. बाकी सगळं सुधारेल. पण मूल होईलच असं मात्र मी सांगणार नाही.”

तेव्हा बिरूने स्वतः दार उघडून सुंदराला आत बोलावले आणि हे सगळे तिच्यासमोर पुन्हा सांगण्याची डॉक्टरांना विनंती केली. सुंदराने पदर सावरून सर्व ऐकून घेतले. तिने एवढेच विचारले, की सुई दुखते का.

अशा रीतीने त्या वर्षी कळप ताम्हिणीच्या घाटाने कोकणात गेला तो बिरूची आई बानूबाई हिच्या देखरेखीखाली आणि बहिरूंच्या कळपाच्या सोबतीने. सुईसाठी पौड जवळ असावे म्हणून बिरू आणि सुंदरा कासार आंबोलीस हैबतराव नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात कामास राहिले. धनी वर आणि मेंढरे खाली, असा प्रकार धनगरांत कोणी ऐकला नव्हता. बहिरू जाताना बरेच काही बोलून गेले.

थंडीच्या दिवसांत बिरूचे शरीर हळूहळू पालटू लागले. प्रथम तोंडावर पुटकुळ्या उठल्या, मग ओठावर काळी रेघ उमटली. पूर्वी धापा टाकीत उचललेले ओझे तो सहज पेलू लागला. आवाज मात्र बरेच दिवस फाटत राहिला; एका वाक्यात तो दोनदा वर चढे आणि एकदा खाली कोसळे.

“तुमच्या नरड्यात कोंबडा बसलाय,” सुंदरा म्हणाली, आणि दोघेही पोट धरून हसली. त्या घरात असे हसणे प्रथमच झाले. पुढे कोंबडा गेला आणि तेथे भरदार, खालचा असा आवाज येऊन बसला. हैबतरावांनी न्हाव्याला बोलावून बिरूची दाढी प्रथमच करविली आणि स्वतः समोर आरसा धरला. त्या संसारातील इतर गोष्टीही मार्गी लागल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

चैत्र सरता सरता कळप वर आले आणि हैबतरावांच्या पडीक रानात थांबले. प्रवासात दोन्ही कळप एकमेकांत मिसळून गेले होते. असे कळप वेगळे करण्याची त्यांची जुनी रीत होती: धन्यांनी रानाच्या दोन टोकांना उभे राहावे आणि आपापली हाळी द्यावी, जी मेंढरे ज्याच्याकडे येतील ती त्याची. कानावरच्या खुणा नंतर पाहावयाच्या, पण मान हाळीचा.

बहिरूंनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मिशी पाहिली, खांदे पाहिले, आणि आपल्या टोकाला जाऊन हाळी दिली. त्यांची मेंढरे धुरळा उडवीत निघाली.

मग बिरूने छाती भरून घेतली आणि आपल्या नव्या, भरदार आवाजात हाळी दिली.

मेंढरांनी माना वर केल्या. गळ्यात घंटी असलेली म्हातारी मेंढी त्याच्याकडे पाहून दोन पावले मागे सरली. एकही मेंढरू आले नाही. त्याने पुन्हा हाळी दिली, तेव्हा कोकरे बुजून बानूबाईच्या लुगड्याआड गेली. आपल्या नव्या आवाजाच्या आनंदात, हा आवाज मेंढरांनी कधी ऐकलेलाच नाही, ही साधी गोष्ट तो पार विसरला होता. बहिरूंच्या माणसांत हशा पिकला.

“मेंढरू लबाड बोलत न्हाई, जावईबापू,” बहिरू म्हणाले. “ही मिशी सुईची हाय. सुई सुटली की मिशी गळंल. त्यांनी वळाकलं तुमाला.” आणि त्यांनी सुंदराचे गाठोडे आपल्या तट्टावर बांधावयास सांगितले.

बानूबाई मुलाच्या वतीने हाळी द्यावयास पुढे झाली. बिरूने तिला हातानेच थांबविले. जुना आवाज आपल्या गळ्यात अद्याप आहे, हे त्याला माहीत होते. पण ज्या आवाजाला लोक हसले, तो पुन्हा कोणाच्या कानी पडू द्यायचा नाही असे त्याने मनाशी ठरविले होते. आणि तो काढायचा तर बहिरूंच्याच समोर, त्यांच्याच माणसांत. त्याने तट्टाकडे पाहिले, आणि मग मेंढरांकडे. लांडग्याच्या तोंडातून ह्या घंटीवालीला कोणी सोडविले होते? खुरांच्या रोगाच्या साथीत गावोगावचे कळप ओस पडत असताना हा कळप कोणी वाढविला होता? त्या बारीक आवाजाच्या पोरानेच. त्याची लाज धरायची म्हणजे स्वतःच्या कमाईची लाज धरायची.

त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गळा आवळून जुनी हाळी दिली. पहिल्यांदा ती मध्येच फाटली. पुन्हा दिली. “हीऽऽ यो.”

घंटीवाली प्रथम धावली. तिच्यामागे सगळे रान हलले. पाहता पाहता मेंढरे त्याच्या गुडघ्यांना येऊन भिडली, कोकरे त्याच्या धोतराचा सोगा चावू लागली. हसण्यासाठी ज्यांनी तोंड उघडले होते, त्यांनी ते तसेच मिटले.

“मामा,” बिरू आपल्या भरदार आवाजात म्हणाला, “ह्यो आवाज बी माजा, आन् त्यो बी माजाच. त्यानं कळप राखला. ह्यानं संसार राखीन. सुई जलमभर घ्यावी लागंल, ते मी लपिवनार न्हाई. आन् पोरबाळ हुईलच आसं डाक्टर बी म्हनत न्हाई. सुंदराला समदं ठावं हाय. तिला इचारा.”

विचारण्याची गरज पडली नाही. सुंदरा तट्टाजवळ गेली, तिने गाठ सोडली आणि गाठोडे डोक्यावर घेतले.

“आबा, मला समदं ठावं हाय,” ती म्हणाली. “मला कुनी तितं बांदून ठिवलं न्हाई. मी ह्यांच्याच कळपामागनं जानार.”

बहिरूंनी मिशीला पीळ भरला. नंतर त्यांनी विचारले, की पुढल्या दिवाळीला कोकणात उतरल्यावर सुई कोठे मिळणार. बिरू म्हणाला, की डॉक्टर माणगावच्या दवाखान्याला चिठ्ठी देणार आहेत.

“मग रस्ता तिकडनंच धरू,” बहिरू म्हणाले, आणि तट्टाचा लगाम ओढून चालू लागले.

दिवस मावळतीला कळप हैबतरावांच्या बांधावरून निघाला. पुढे बिरू, मागे बानूबाई, आणि कडेने गाठोडे घेतलेली सुंदरा. बिरू दर थोड्या अंतरावर आधी बारीक हाळी देई आणि तिच्या पाठोपाठ भरदार हाळी देई, कारण मेंढरांना आता दोन्हीची ओळख करून देणे आवश्यक होते. ओढ्यापाशी आल्यावर त्याने नुसतीच भरदार हाळी देऊन पाहिली. घंटीवालीने कान टवकारले, थोडा विचार केला, आणि ती त्याच्या मागोमाग पाण्यात उतरली.