शीलाताईंचं हसू

मित्रांनो, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत, सतराव्या मजल्यावर, शोकेसच्या वरच्या फळीवर बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शीलाताईंनी लग्नानंतर मला नौपाड्यातल्या दुकानातून आणलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यात ‘संगीत वनवेल’ची कॅसेट घातली. ते नाटक त्यांनी अकरा वेळा पाहिलं होतं. त्यातल्या नायिकेच्या पायात काटा रुततो, तरी ती भरदरबारात हसतमुखाने उभी राहून पद गाते. “सौंदर्य म्हणजे हे,” ताई म्हणायच्या. “दुखलं तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये.”

मलाही ते पटायचं. खोटं कशाला सांगू, त्या पदामुळे घरात माझा भाव होता! एकदा तेल उडून हात पोळला, तरी ताई हसत पुऱ्या तळत राहिल्या आणि मी मनातल्या मनात वाहवा केली. पुढे घरात मोबाइल आले, मला कोणी विचारेना. ताई मात्र रोज मला पुसत.

यंदा मे महिन्यात नातीचा, सान्वीचा वाढदिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. ताईंनी पद लावलं आणि माझ्याशेजारीच उभ्या राहिल्या. त्यांच्या घामाचा थेंब माझ्या बटणावर पडला, मग दुसरा. डावा हात त्यांनी छातीशी आवळून धरला होता. चेहरा मात्र हसरा.

“आई, आज कसली मस्त दिसतेयस!” मुलगा सुदेश म्हणाला आणि त्याने फोटोही काढला.

मी हादरलो. अरे, ही बाई मरतेय आणि हा फोटो काढतोय! पण माझ्या तोंडी तेच पद. त्या धसक्यानेच असेल, माझी फीत गुंतली आणि कर्रकन आवाज झाला. कॅसेट काढायला सून ऋजुता धावली. तिचा हात ताईंच्या हाताला लागला.

“आई, हात बर्फ झालाय तुमचा! काय होतंय?”

“काही नाही गं. केक कापा आधी.”

“हसू नका! दुखतंय का ते सांगा!”

ताईंचे ओठ थरथरले. “खूप दुखतंय गं. सकाळपासून.”

सकाळपासून! मित्रांनो, सकाळपासून मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला त्या सुंदर दिसत होत्या.

ट्रॅफिकमधून सुदेशने कसंबसं हॉस्पिटल गाठलं. ताई थोडक्यात वाचल्या. घरी आल्यावर त्यांनी ऋजुताला फीत सोडवून पुन्हा तेच पद लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “अजून आवडतं गं मला. पण कुणीतरी आधी त्या काटा रुतलेल्या बाईला खाली बसवा.”

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी एरवी सांगितलं असतं. आज ते राहू दे. घरात कुणी फार छान हसत उभं असेल, तर जवळ जा आणि विचारा, दुखतंय का? खरं उत्तर येईपर्यंत हात सोडू नका.