डाव्या मनगटावरची सहा वर्षं

मी घड्याळ बोलतोय. भिंतीवरचं नव्हे, लग्नकार्यात मिरवायचंही नव्हे. डोंगरात वापरायचं, जाड काचेचं, पाच बटणांचं दणकट घड्याळ. कारखान्यात मला पाण्यात बुडवलं, बर्फात गोठवलं, उंचावरून फरशीवर आपटलं आणि मगच डब्यात बसवलं. तेव्हापासून माझा स्वतःवर विश्वास आहे. जरा जास्तच आहे, असं कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.

माझी मालकीण वीजवाहिनीच्या मनोऱ्यांची पाहणी करते. कुठे बोल्ट सैल झालाय, कुठे फांदी तारेला टेकायला आलीय, हे डोंगर तुडवत पायी बघायचं. सहकारी तिला मनोरेताई म्हणतात. तिने मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. हातमोज्यांतूनही माझी बटणं तिला अचूक सापडत. उंची, दिशा, नाडी, सगळं मी सांगायचो, आणि एकदा चार्ज केलं की वीस दिवस बघायला नको. सहा वर्षांत मी एकदाही बंद पडलो नाही.

पण एक दिवस असा आला, की बंद न पडणं पुरेसं नव्हतं.

एकविसाव्या मनोऱ्याखालच्या उतारावर तिच्या पायाखालचे दगड निसटले. घोटा मोडला. खिशातला फोन घरंगळत खाली ओढ्यात गेला. मला साधा धक्काही लागला नाही. ती नेमकी कुठे पडलीय हे मला ठाऊक होतं. नाडी एकशे बत्तीस झालीय, हेही ठाऊक होतं. कोणाला कळवायची सोय मात्र माझ्यात नव्हती. मी आपला इमानेइतबारे वेळ दाखवत राहिलो. तीन तासांनी तिला न्यायला आलेल्या जीपच्या ड्रायव्हरकाकांना तिची शिट्टी ऐकू आली.

"ताई, हलू नका, मी आलोय!" असं ओरडत ते उतरले, तेव्हा तिचे दात वाजत होते.

पायाला प्लास्टर चढलं. लेक नर्स आहे, ती पलंगापाशी बसून म्हणाली, "आई, हे घड्याळ बदल."

"का? कधी रुसलं नाही बिचारं."

"नसेल रुसलं. पण तू तिथे पडून होतीस आणि आम्ही इकडे निवांत चहा पीत होतो. नव्या घड्याळातून फोनशिवाय, रेंज नसली तरी उपग्रहावरून निरोप जातो. माणूस पडलं तर ते आपणहून कळवतं."

"आणि एक दिवसाआड चार्जिंगला लावा! डोंगरात प्लग कुठे शोधू, मनोऱ्यावर?"

मालकिणीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो शांतपणे म्हणाला, "दोन्ही घालून बघ. चष्म्याचा नंबरही आम्ही असाच काढतो. आधीचं बरं वाटतंय की आत्ताचं?"

प्लास्टर निघालं आणि उजव्या मनगटावर नवं घड्याळ आलं. सडपातळ, रंगीत, बटणांऐवजी काचेवर बोटांचे लाड मागणारं. दुसऱ्याच दिवशी ती गॅलरीत सतरंजी झटकत होती, तर त्याला वाटलं, बाई पडली! दोन मिनिटांत लेकीचा फोन, शेजारीण दारात, आणि दुकान तसंच टाकून आलेला नवरा जिन्यात धापा टाकतोय.

"अहो, सतरंजी झटकतेय मी!"

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मग कामावरचा पहिला दिवस उजाडला. ती एकटीच मुद्दाम त्या उतारावर गेली. जागा जवळ आली तशी तिची नाडी एकशे अठरावर चढली. हे मी स्वतः मोजलं. ती खाली बसली. नव्या फोनलाही तिथे रेंज नव्हती. तिने उजव्या मनगटावर लेकीला निरोप लिहिला, 'एकवीस नंबरपाशी आहे. ठीक आहे.' आणि वाट बघत राहिली.

चार मिनिटांनी उजवं मनगट थरथरलं. 'कळलं. डबा खाल्लास का?'

ती हसली. मग डोळे पुसले. बसल्या बसल्या नाडी ब्याऐंशीवर आली, हेही मीच मोजलं. माझ्या पाचांपैकी एकाही बटणाला ते जमलं नसतं. नवंच ठेवावं, हे माझं मत तिच्या आधी मिनिटभर ठरलं होतं.

"चल गड्या," ती म्हणाली आणि तिने माझा पट्टा सोडला. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. त्यावरून तिने दोनदा अंगठा फिरवला.

हल्ली मी चष्मेवाल्यांच्या हातावर असतो. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय. पहिल्या दिवशी त्यांची सहाशे चाळीस पावलं झाली, त्यातली निम्मी दुकानातल्या दुकानात.

"हे सारखं पीं पीं का करतंय गं?"

"उठा म्हणतंय तुम्हाला!"

जुनं ठेवायचं की नवं घ्यायचं, या विचारात तुमच्यापैकी कोणी असेल, तर माझं ऐका. आम्हाला वाईट वाटेल म्हणून अडून राहू नका. अडचणीच्या दिवशी काय कमी पडलं ते आठवा आणि ठरवून टाका. फक्त चालत्या घड्याळाला कपाटात कोंडू नका. घरात आणखी मनगटं असतात.

आता रजा घेतो. चष्मेवाले बुटाच्या नाड्या बांधताहेत. बायकोबरोबर आज पहिल्या मनोऱ्यापर्यंत जायचं म्हणताहेत. चढ दोनशे दहा मीटरचा आहे. आम्ही दोन्ही घड्याळांनी त्यांना सांगितलेलं नाही.