पहिल्या रांगेतली बाई

"पाय बघा! पाय आहेत का तिला?" मंदिरातला मांत्रिक खोर सिफू, त्यानं विचारलं.

"नाहीत!" अख्खा मांडव ओरडला.

"खुर्चीची पाठ दिसते की नाही तिच्या पोटातून?"

"दिसते!"

"मग ही बाई जिवंत आहे का?"

"नाही!"

मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या कोपोनं, गल्लीतल्या सगळ्यांच्या आत्याआजीनं, कपाळावर हात मारला. कारण फोटोतली ती बाई म्हणजे खुद्द कोपोच होती.

दाराएवढा मोठा करून घेतलेला तो फोटो मंदिरात देवाच्या शेजारी टांगला होता. पुढ्यात संत्री, गुलाबी पाव आणि उदबत्त्यांचं जंगल. फोटोत नाटकाचं बंद रंगपीठ, त्यासमोर लाल खुर्च्या आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या ब्लाऊजमधली एक धूसर बाई. पुसून टाकल्यासारखा चेहरा, कमरेखाली काहीच नाही.

चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. या महिन्यात मेलेली माणसं सुट्टीवर येतात म्हणून मलेशियातल्या या जॉर्ज टाउनमध्ये गल्लोगल्ली नाटकं होतात, आणि पहिली रांग त्या पाहुण्यांसाठी मोकळी ठेवतात. तिथं जिवंत माणूस बसत नाही. उभं राहून पायाचे तुकडे पडले तरी बसत नाही.

कोपो बसली होती. मैत्रिणीकडून परतताना गुडघ्यात कळ आली, नाटक संपून गल्ली सामसूम झालेली, खुर्च्या समोर. ती क्षणभर टेकली, गुडघा चोळला, कळ ओसरली तशी उठून घरी गेली. समोरच्या ओसरीच्या अंधारात तिच्याच भावाचा नातू बेंग हुआत तिपाईवर कॅमेरा लावून उभा आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं?

हुआतला तोच नाद होता. दिवे मालवलेला बाजार, बंद शटरं, रिकाम्या ओसऱ्या, निजलेल्या सायकलरिक्षा. त्याचे फोटो बघून लोक म्हणायचे, 'शहर सोडून सगळे गेले की काय!' हा एक फोटो मात्र त्यानं कौतुकानं चारचौघांना पाठवला आणि दोन दिवसांत तो खोर सिफूच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला.

"अहो सिफू, ती मी आहे," कोपो उभी राहून म्हणाली. "माझा गुडघा दुखत होता."

सिफूनं डोळे मिटले, मान हलवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ऐकलंत? ती बोलली. म्हातारीच्या तोंडून बोलली!"

लोकांनी कोपोलाच हात जोडले. एका बाईनं तिच्या पायाशी संत्रं ठेवलं. कोपोला इतका संताप आला की ते संत्रं सिफूच्या टाळक्यात घालावं असं वाटलं.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट असती तर तिनं सोडलीही असती. पण सिफूनं त्या बाईला नाव दिलं होतं. हुआतच्या चुलत बहिणीची, स्वी हाँगची, दोन वर्षांमागे वारलेली आई. आई उपाशी आहे, म्हणून नातीला धरते. नातीच्या, नऊ वर्षांच्या ली शिनच्या, आकड्या म्हणजे आजीचे हिसके. इस्पितळातल्या गोळ्यांनी आजी चिडते. गोळ्या बंद, मंतरलेल्या कागदाची राख पाण्यातून द्या.

कोपो तडक स्वी हाँगच्या घरी गेली. ली शिन पेज खात होती. बोलता बोलता तिचा हात झटक्यानं उडाला आणि चमचा फरशीवर जाऊन पडला. पोरगी गोंधळून हाताकडे बघत राहिली.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," स्वी हाँग पुटपुटली.

"गोळ्या कुठं आहेत?"

"फडताळात. कोपो, तुम्ही मध्ये पडू नका. आईच आहे ती. तिचा पांढरा ब्लाऊज मी ओळखत नाही?"

"पांढरा ब्लाऊज या गावात कुठल्या म्हातारीकडे नाही, सांग बघू! मीच बसले होते तिथं."

"तुम्ही कशाला बसाल? तिथं कोणी बसतं का?" स्वी हाँगचे डोळे भरले. "आई गेली तेव्हा मी सिंगापूरला कामावर होते. तिला शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाही मी. ती माझ्यावर रागावणार नाही तर काय करणार?"

अडाणीपणाशी भांडता येतं. दुःखाशी कसं भांडणार? तिनं खाली पडलेला चमचा उचलून धुतला आणि हुआतला गाठलं.

"कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा होता?"

"अर्धं मिनिट, कोपो. अंधारात तेवढा लागतोच."

"आणि अर्धं मिनिट तू काय बघत होतास?"

हुआत ओशाळला. "पाठ करून उभा होतो. त्या खुर्च्यांकडे टक लावून बघू नये म्हणतात ना."

"शाबास! कॅमेऱ्यानं बघायचं आणि कॅमेरावाल्यानं पाठ फिरवायची! अरे, अर्धाच वेळ बसलेला माणूस अर्धवट उमटतो, हे तुला कळत नाही?"

"कळतं. पण तिथं कोण बसणार?"

तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं. जो तो हेच म्हणत होता: तिथं कोण बसणार?

कोपोला वडिलांचा फोटो स्टुडिओ आठवला. रंगवलेला पडदा, वेताची खुर्ची, फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास. अंधाऱ्या दिवशी काचेचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. वडील बजावत, "आता श्वाससुद्धा चोरून घ्या!" एकदा एका व्यापाऱ्याचा मुलगा मध्येच उठून पळाला, तर फोटोत त्याच्या छातीतून वेताची वीण दिसत होती. त्या मुलाची आई किंचाळली. वडील मात्र खो खो हसले आणि पोराला पुन्हा बसवून दुसरा फोटो काढला. त्या काळी कोणी सिफूला बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं गेली, खिशाखिशात कॅमेरे आले, आणि माणसं मागं चालली कशी?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हुआतला आणि त्याच्या तिपाईला घेऊन मंदिरात आली. स्वी हाँग पोरीला मांडीवर घेऊन पुढंच बसली होती.

"सिफू, अंगात आल्यावर तुमच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणे. एक फोटो होऊ दे," कोपो गोड आवाजात म्हणाली. "नेहमीसारखंच करा. खुर्चीत बसा, मग उठून राख वाटा. मोठे दिवे तेवढे बंद ठेवू."

सिफू फुलला. पिवळं रेशमी जाकीट सारखं करून तो खुर्चीत बसला. हुआतनं कॅमेरा सुरू केला. सिफूनं डोळे फिरवले, स्तब्ध बसला, मग हुंकार देऊन उठला आणि राख वाटत चौकटीबाहेर गेला. रांगेतली माणसं त्याच्यामागं सरकत गेली. अर्धं मिनिट भरलं, कॅमेरा आणखी तेवढाच वेळ विचार करत बसला आणि चित्र उमटलं. हुआतनं ते टीव्हीच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं.

खुर्चीत पिवळा धुरकट सिफू. त्याच्या पोटातून खुर्चीची पाठ दिसत होती. काळी विजार अंधारात विरून गेलेली.

"पाय बघा," कोपो म्हणाली. "पाय आहेत का यांना?"

कोणी ओरडलं नाही. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "सिफू, तुम्ही कधी वारलात? आम्हाला कळवायचं तरी!"

मांडवात हशा पिकला.

"दुष्ट आत्म्यानं कॅमेरा—" सिफूनं सुरुवात केली.

"आणि हे सगळे कुठं गेले?" कोपोनं पडद्यावर बोट ठेवलं. "इतकी माणसं समोरून चालत गेली. एक तरी दिसतंय का? चालणारा माणूस उमटत नाही, पूर्ण वेळ बसलेला पूर्ण उमटतो, थोडा वेळ बसलेला थोडा; आणि काळी विजार, यांची काय नि माझी काय, अंधारात गडप. हुआतचं शहर ओसाड दिसतं तेही त्यामुळंच. रस्त्यानं माणसं जात असतात रे बाबांनो, फक्त थांबत नाहीत."

हुआतनं मान खाली घालून हो म्हटलं. सिफू राखेचं भांडं घेऊन आतल्या खोलीत गेला आणि आतून कडी लागली.

स्वी हाँग मात्र हसली नव्हती. "म्हणजे आई आलीच नव्हती?"

"नाही गं. आणि ती रागावलेलीही नाही. जिनं शेवटपर्यंत या पोरीला भरवलं, ती तिचे हात-पाय पिळेल? तुझ्या आईबद्दल असं बोलणाऱ्याचा तुला राग यायला हवा होता."

स्वी हाँगनं पिशवी उघडली. फडताळातल्या गोळ्या आता पिशवीत होत्या; कोपो येऊन गेल्यापासून ती त्या बरोबर वागवत होती, फक्त पोरीला देत नव्हती. इस्पितळाला फोन करून, डॉक्टरांना सगळं खरं सांगून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिनं तिथंच पोरीला गोळी दिली.

निघताना कोपोनं पाहिलं, तर एक बाई अजून फोटोपुढं उदबत्ती लावत होती. "कशाला गं आता?" कोपोनं विचारलं. "असू द्या, कोपो. असलं तर असलं."

या 'असलं तर असलं'पुढं कोपोनं हात टेकले. अहो, डोळ्यांना दिसलं ते खरं मानायच्या आधी ते कसं दिसलं एवढं तरी विचारा. घाबरलात म्हणून पाठ फिरवू नका. पाठ फिरवली की मागच्या खुर्चीत कोण बसलं होतं हे दुसराच कुणीतरी सांगतो आणि आजारी पोराची गोळी फडताळात जाते.

तिनं फोटोपुढचं एक संत्रं उचललं आणि बाहेर गल्लीत, नाटकासमोरच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून सोलायला घेतलं. अर्धं मागोमाग आलेल्या ली शिनला दिलं.

"कोपो, हे भुताचं आहे ना?"

"माझंच आहे. खा."