रेडिओवरचं वादळ

गाणं सुरू झालं की एकनाथ रेडिओचा आवाज वाढवायचा. घिवलीच्या कोळीवाड्यात शास्त्रीय गाण्याचं वेड असलेली माणसं दोनच, एक तो आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ बन्सी. बन्सीचं घर भिंतीला भिंत लागून, आणि त्याचा रेडिओ कधीच मोडलेला. बोंबील सुकवायच्या जागेवरून दोघांचं बिनसलं त्याला दोन पावसाळे झाले होते. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. पण भिंतीपलीकडे गाणंही जाऊ नये, इतकं काही एकनाथचं मन कोतं नव्हतं. "कान गेले का तुमचे?" असं बायको जमना विचारायची, तेव्हा "हो, गेले" म्हणून तो मोकळा व्हायचा.

त्या संध्याकाळी गाण्यानंतर नाटक होतं. पण यमन ऐकता ऐकता एकनाथचा डोळा लागला. गाणं कधी संपलं, निवेदिका काय बोलली, काही पत्ता नाही. जाग आली ती एका करड्या आवाजाने.

"मच्छीमारांना इशारा! किनाऱ्याकडे मोठं वादळ येत आहे. होड्या ताबडतोब वर घ्याव्यात!"

आधी आभाळ बघावं, एवढी अक्कल कोळ्याच्या घरात पोरासोरांनाही असते. पण हे शब्द कानावर पडले की ती नेमकी दगा देते. एकनाथ लंगडत किनाऱ्यावर पोचला. मुलगा निमेश बोईसरला कंपनीत पाळीवर गेलेला. होडी भरतीच्या पाण्यात डुलत होती. त्याने दोर खांद्यावर घेऊन जोर लावला मात्र, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातून अशी कळ निघाली की तो मटकन खाली बसला. आता होडी जाणार, आणि आपण बघत बसणार! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"ऊठ दादा! तू मागून लोट, मी वढतो."

बन्सी होता. अंगात नुसतं बनियन, धापा टाकत आलेला. भिंतीआडून त्यालाही तेच ऐकू आलं होतं. भांडण आठवायला सवड कुणाला होती? होडीखाली ओंडके सरकवत, हैय्या हैय्या करत दोघांनी ती पार सुरूच्या झाडांपर्यंत नेली.

तेवढ्यात जमना धावत आली. "अवो, वादळबिदळ काय नाय! नाटक हाय ते! आता त्यात लगीन लागतंय!"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आभाळ स्वच्छ होतं, सुरूचं पानही हलत नव्हतं. आधी बन्सीला हसू फुटलं, मग एकनाथला. हसता हसता एकनाथची नजर खाली पाण्याकडे गेली. बन्सीची होडी तिथेच होती, भरतीत, दोराला बांधलेली.

त्याचं हसू थांबलं. "तुझी नाय वढलीस?"

"तुझा गुडघा..." बन्सी नजर चुकवत म्हणाला. "पयली तुझी."

ज्याने कुणी ते नाटक लिहिलं, ज्याने तो इशारा वाचला, त्या सगळ्यांचे एकनाथने मनातल्या मनात उपकार मानले. भावाचे कसे मानायचे ते काही सुचेना. तो वळला आणि ओंडका उचलून पाण्याकडे चालू लागला.

"आता कशाला, दादा? वादळ नाय ना."

"नसू दे," एकनाथ म्हणाला. "तुझी पण घेऊ वर."